नातेवाइकांची हरकत नाही

मला इंग्रजीचं एकच क्रियापद येतं. पण जे येतं ते मुळापासून येतं. ते कुठून आलं, आधी त्याचा अर्थ काय होता, मग काय झाला, आणि कुठल्या वाक्यात बसलं की माणसाचा घात करतं, सगळं तोंडपाठ आहे माझं. ‘माइंड’ हे ते क्रियापद. शिकवणारे मास्तर आणि शिकणारी मी, चौथी नापास आया. वर्ग भरतो बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर, साडेचार ते साडेपाच. म्हातारपणी हिला शिकायची हौस आली असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे.

आमचा वॉर्ड दीर्घ मुक्कामाचा. बावीस लोखंडी खाटा, बावीस पत्र्याची कपाटं, फिनेलचा वास आणि कोपऱ्यात एकच स्टेशन लागणारा रेडिओ. इथल्या बायका बऱ्या होऊन घरी जात नाहीत आणि दुसरीकडेही त्यांना कुणी घेत नाही. नातेवाईक पहिल्या महिन्यात रोज येतात, मग आठवड्याला, मग फोन करतात, मग त्यांचा नंबर बदलतो. मी सत्तावीस वर्षं बघतेय. कुणाचं तोंड किती दिवस दिसणार, हे मी पहिल्या भेटीतच सांगते.

एकट्या मास्तरांच्या बाबतीत मी साफ तोंडावर आपटले. अकरा वर्षं हा माणूस शाळा सुटली की साडेचारला हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, रुमालात गुंडाळलेली चार बिस्किटं. नववी-दहावीला इंग्रजी शिकवायचे. लाल पेनाची सवय इतकी की आमच्या भिंतीवरच्या पाट्यासुद्धा त्यांनी तपासल्या होत्या. भेटीच्या वेळेच्या इंग्रजी पाटीत एक अक्षर कमी होतं, ते यांनी वर बारीक लिहून टाकलं. मेट्रनबाई फणफणल्या, “मास्तर, हा वॉर्ड आहे, वही नव्हे.” मास्तर म्हणाले, “चूक ती चूक, बाई.” स्वभावच तो. नाकासमोर चालणारा, आणि नाक जरा वरच.

यायचे ते धाकट्या बहिणीसाठी. तिला सगळे बेबी म्हणायचे. एक्कावन्न वर्षांची बेबी! वेणी निम्मी पांढरी, पुढचे दोन दात पडलेले. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि वय सातावर अडकलं ते अडकलंच. आईवडील गेल्यावर मास्तरांनीच तिला सांभाळलं. एके ठिकाणी त्यांचं लग्न ठरलंही होतं. मुलीकडच्यांनी विचारलं, बहिणीचं काय करणार? हे म्हणाले, करणार काय, ती राहील की आपल्यात. मोडलं. त्यावर कधी कुरकुर नाही, की परत कुठे बघणं नाही. मग एक दिवस शाळेतून येतात तर दार सताड उघडं, गॅस चालू, बेबी गायब. तीन तासांनी सापडली, मोठ्या रस्त्याच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना टाटा करत. दुसऱ्या दिवशी तिला आमच्याकडे आणलं. तात्पुरतं, म्हणाले. मी मनात म्हटलं, हो हो, सगळ्यांचं तात्पुरतंच असतं.

पण त्यांचं खरंच तात्पुरतं होतं. निवृत्त झालो की घरी नेणार, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि अकरा वर्षं त्या एका गोष्टीवर काढली. घरची मागची खोली रंगवून घेतली. दाराची आतली कडी काढली. सुताराकडून गॅसच्या शेगडीला कुलपाची पेटी करून घेतली. बेबी रोज विचारायची, “दादा, किती?” आणि दादा सांगायचे, “चौदा महिने.” मग तेरा म्हणायचे तेव्हा दोघं मिळून टाळ्या वाजवायचे.

या बेबीची एक गंमत सांगते, कारण पुढे तीच नडली. मास्तरांनी तिला लहानपणी एक इंग्रजी वाक्य शिकवलं होतं. पाहुण्यांकडे गेलं की ही समोर येईल ते अधाशासारखी खायची, म्हणून शिकवलं, कुणी काही दिलं की म्हणायचं, “नो, थँक यू.” बेबीने वाक्य घेतलं, पण अर्थ काही तिच्या डोक्यात शिरला नाही. मी बिस्कीट पुढे केलं की ती म्हणणार, “नो, थँक यू,” आणि लगेच हात पुढे, तळवा वर. म्हणजे दे. जास्त हवं असेल तर दोन्ही हात पुढे. तिच्या लेखी ते मिळण्याचं वाक्य होतं. बाहेर फिरायला येतेस? नो, थँक यू, आणि ही चपला शोधायला पळाली. वॉर्डात सगळ्यांना माहीत. नवी नर्स आली की आम्ही पहिल्या दिवशी सांगायचो, बेबीचं नो म्हणजे हो.

मग आला नवा साहेब. बाहेरच्या देशातला मोठा डॉक्टर, आमची संस्था सुधारायला दोन वर्षांसाठी पाठवलेला. उंच, किडकिडीत, आणि बोलायला इतका हळू आणि गोड की तो रागावलाय की खूश आहे, पत्ता लागायचा नाही. मला त्या माणसाबद्दल वाईट बोलता येत नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. त्याचं म्हणणं, वॉर्डात गर्दी फार. देशाच्या दुसऱ्या टोकाला नवं केंद्र झालंय, बाग आहे, हवा आहे, मराठी बोलणारी माणसं आहेत, तिथे दहा जणींना हलवू. बसने दोन दिवसांची वाट. पण नातेवाइकांना विचारून. एकेकाला समोर बसवून, चहा देऊन विचारायचा. मेट्रनबाई शेजारी दुभाषी म्हणून.

मास्तरांची पाळी आली तेव्हा मी तिथेच होते, बेबीची वेणी घालत. मेट्रनबाई मराठीत सांगायला तोंड उघडणार तोच मास्तरांनी हात वर केला. “राहू द्या बाई. मी इंग्रजीचा शिक्षक आहे.” असे ताठ बसले म्हणता, जणू चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्या भाषेत विचारणार होतं. खोटं नाही, माझाही ऊर जरा भरून आला. आमच्यातला एक माणूस साहेबाशी साहेबासारखा बोलणार!

साहेब पुढे वाकला आणि विचारलं, “वुड यू माइंड इफ वी मूव्ह्ड हर टु द न्यू सेंटर?”

तेव्हा मला यातलं ओ की ठो कळलं नाही. पण ‘न्यू सेंटर’ कळलं, आणि मास्तरांचं तोंड कळलं. एकदम पांढरं पडलं. दोन्ही हात पुढे करून, कुणी अंगावर येतंय त्याला थोपवावं तसे, ते म्हणाले, “नो! नो, नो, सर! नो!”

साहेबाचा चेहरा उजळला. त्याने मास्तरांचे ते पुढे आलेले दोन्ही हात हातात घेतले, हलवले, “थँक यू, सो काइंड,” म्हणाला आणि उठला. मेट्रनबाईंनी वहीत लिहिलं, ‘नातेवाइकांची हरकत नाही.’

आता ऐका. मला कळलं होतं. इंग्रजी नाही, माणूस कळला होता. तो माणूस नको म्हणत होता, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. आणि साहेबाचं हसणंही दिसत होतं. दोन्ही एकमेकांना बसत नव्हतं. मी वेणी हातात धरून म्हटलंही, “मास्तर, अहो...” तर त्यांनी माझ्याकडे न बघता हात झटकला, “मावशी, इंग्रजीत चाललंय.” आदल्याच आठवड्यात साहेबासमोर तोंड घातलं म्हणून मेट्रनबाईंनी माझी चांगली तासली होती. म्हटलं, मरू दे, शिकलेली माणसं बोलताहेत, आपली अक्कल कुठे पाजळा? आणि वेणीला रिबन बांधली.

त्या दिवशी मास्तर जाताना किती खूश होते! मला म्हणाले, “सभ्य माणूस हो मावशी. एका शब्दात ऐकलं. आपल्याकडे असतं तर चार चकरा मारायला लावल्या असत्या.”

तिसऱ्या दिवशी सकाळी बस लागली. यादीत बेबीचं नाव बघून मी मेट्रनबाईंना म्हटलं, मास्तरांना कळवलं का? त्यांनी वही दाखवली. मास्तर तेव्हा वर्गावर. मी बेबीची पिशवी भरली आणि एका कागदावर तिच्या खोडी लिहून दिल्या, तिथल्या आयांसाठी. डाव्या कुशीवर झोपते. दूध गार लागतं. केस ओढले की चावते. अंधाराला भीत नाही, पंख्याला भिते. अशा आठ ओळी, माझ्या गिचमिड अक्षरात. नो म्हणजे हो, हे लिहायचं राहिलं. आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ती सांगायची गोष्ट आहे हेच सुचलं नाही. बसवाल्याने विचारलं, खिडकीपाशी बसतेस? ती म्हणाली, नो, थँक यू. त्याने तिला मागे मधल्या सीटवर बसवलं. ती खिडकीकडे हात करून बसली होती. मी ते बघितलं, आणि तरी मला सुचलं नाही.

साडेचारला मास्तर आले. गादी गुंडाळलेली, कपाट उघडं. त्यांनी मला विचारलं, “अंघोळीला गेलीय?” मी वही आणून समोर धरली. त्यांनी ती ओळ वाचली. परत वाचली. मग खिशातलं लाल पेन काढलं आणि पेन तसंच हातात धरून बाकड्यावर बसले. म्हणाले, “मावशी, मी काय उत्तर दिलं?” मी सांगितलं, नो म्हणालात. चार वेळा म्हणालात. त्यांनी डोळे मिटले.

माझा पहिला धडा तेव्हाच झाला. ते भिंतीला सांगितल्यासारखं बोलत होते, मी ऐकत होते. साहेबाने ‘नेऊ का’ असं विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, ‘नेलं तर तुमची हरकत आहे का?’ आणि ‘हरकत आहे का’ला ‘नाही’ म्हणजे न्या खुशाल. नको असेल तर ‘हो’ म्हणायचं. हो, आहे माझी हरकत! नववीच्या वर्गाला दर वर्षी ते हाच नियम फळ्यावर लिहून द्यायचे. चुकला त्याचा अर्धा गुण कापायचे. चौतीस वर्षं कापले. “आणि माझ्या तोंडून मराठी निघालं हो,” म्हणाले, “शब्द इंग्रजी, पण निघालं मराठी.”

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात तक्रार घेऊन गेले. तिथला कारकून त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याने अर्ज वाचला आणि हसत म्हणाला, “सर, थट्टा करता काय? या प्रश्नावर तर तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं! तुम्हाला कळलं नाही असं लिहू? लोक काय म्हणतील?” मास्तरांनी अर्ज परत घेतला. मी चिडले. म्हटलं, लाज बाळगता कशाची, बहीण गेली तिकडे! द्या लिहून की मला इंग्रजी येत नाही! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवीच दिली होती. तीन आठवडे ते मसुदे करत राहिले. रोज एक नवा, प्रत्येकात इंग्रजी अस्सल आणि चूक दुसऱ्या कुणाची तरी. शेवटी दिलं एकदाचं, मराठीत, एका ओळीत, ‘मला प्रश्न समजला नाही, माझी हरकत आहे.’ तोवर बेबीची फाइल तिकडे गेली होती आणि साहेबही त्याच्या देशाला रजेवर गेला होता. उत्तर आलं, आता निर्णय तिकडचे लोक घेतील, आपल्या निवृत्तीनंतर तिकडेच अर्ज करावा.

तेव्हापासून मास्तर इथे येऊन बसायला लागले. बहीण नसलेल्या वॉर्डात! मेट्रनबाई कानाडोळा करायच्या. बारा महिने, अकरा महिने, आता मोजायला मीच होते. आणि त्या काळात त्यांनी तो शब्द खणून काढला. लायब्ररीतून जाडजूड कोश आणायचे, बोट ठेवून मला सांगायचे. हा शब्द आधी क्रियापद नव्हताच, म्हणाले. मन, आठवण, असा त्याचा अर्थ. आपलं ‘मन’ आणि त्यांचं ‘माइंड’ एकाच खोडाच्या फांद्या, चुलत भाऊ म्हणा. मग त्याचं क्रियापद झालं, तेव्हा अर्थ होता आठवण ठेवणे. इंग्रजांच्या बेटावर उत्तरेकडे काही लोक अजून त्याच अर्थाने वापरतात. आठवण ठेवायची म्हणजे लक्ष ठेवायचं, पायरीकडे लक्ष ठेव, आपल्या कामाकडे लक्ष ठेव. लक्ष ठेवायचं म्हणजे सांभाळायचं. मूल सांभाळणे, त्यालाही माइंडच. आणि ज्याच्याकडे सारखं लक्ष जातं ते खुपायला लागतं, म्हणून हरकत. “बघा मावशी,” म्हणाले, “आपणही म्हणतोच की, मनावर घेऊ नका. तसंच.” हरकतीचा हा अर्थ मात्र बहुतेक प्रश्नात नाहीतर नकारातच येतो. सरळ वाक्यात फारसा नाही. “म्हणजे हरकत आहे असं सरळ म्हणायची सोय कमीच,” असं म्हणून स्वतःच हसले. मी हसले नाही.

एकदा त्यांना धीर द्यायला म्हणून मी त्यांचंच इंग्रजी त्यांना ऐकवलं, “नेव्हर माइंड, मास्तर.” ते हळूच म्हणाले, “जुन्या अर्थाने त्याचं काय होतं माहितेय? कधीच आठवू नका.” पुन्हा मी ते वाक्य उच्चारलं नाही.

निवृत्त झाले त्याच आठवड्यात ते निघाले. दोन दिवस बस. बरोबर बेबीचा नवा फ्रॉक, बिस्किटं, गॅसच्या पेटीचा फोटोसुद्धा, तिथल्या लोकांना दाखवायला. मी इथे तिची जुनी खाट आता दुसरीची असतानाही तिच्यावर फडकं मारत होते, वेड्यासारखी. आठव्या दिवशी परत आले. एकटे.

झालं काय, तर साहेबाने जाण्याआधी एक नियम केला होता. पेशंटला घरी पाठवायच्या आधी तिला स्वतःला विचारायचं, दोन माणसांसमोर, नातेवाईक बाहेर. चांगलाच नियम हो. इतकी वर्षं या बायांना कुणी काही विचारलं होतं का? तिथल्या अधिकारी बाईंनी बेबीला बसवलं. मास्तर काचेच्या दारामागे उभे. बाईंनी सरळ मराठीत विचारलं, “बेबी, दादाबरोबर घरी जायचं का?”

बेबी म्हणाली, “नो, थँक यू.” आणि हात पुढे केला.

मास्तर काचेवर हात आपटायला लागले. आत धावले, सांगितलं, ती हो म्हणतेय, तिचं नो म्हणजे हो. बाईंनी परत विचारलं. नो, थँक यू. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बेबीने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि दात नसलेलं तोंड भरून हसली. बाईंनी लिहिलं, ‘पेशंटची इच्छा नाही.’ मास्तरांनी माझा कागद शोधायला लावला. सापडला. आठ ओळी होत्या.

मग बाईंनी जुनी फाइल काढली. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. म्हणाल्या, “मागे तुम्ही नाही म्हणालात, त्याचा अर्थ हरकत आहे असा होता, असं तुम्ही लिहून दिलंय. आता बहीण नाही म्हणते, त्याचा अर्थ हो आहे, असं म्हणताय. मास्तर, तुम्ही शिकवत काय होता हो?”

ते निघाले तेव्हा बेबी दारापर्यंत चपला घालून आली होती. नंतर दोन दिवस जेवली नाही. त्यावरही तिकडच्यांनी लिहिलं, नातेवाइकांच्या भेटीने पेशंट अस्वस्थ होते, भेटी कमी कराव्यात. आता वर्षातून दोनदा. अपिलं केली, तीन झाली. प्रत्येक उत्तरात तीच दोन वाक्यं आहेत, ‘नातेवाइकांची हरकत नाही’ आणि ‘पेशंटची इच्छा नाही’.

मास्तर अजून येतात, साडेचारला. शर्टाला इस्त्री नसते. रुमालात बिस्किटं असतात, ती मी इतर बायकांना वाटते. भिंतीवर नवी पाटी लागलीय, तिच्यात दोन चुका आहेत म्हणे, ते बघतात आणि पेन काढत नाहीत.

परवा धडा नव्हता. नुसते बसलो होतो. एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “मावशी, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही तिची वेणी घालत होतात. माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला कळलं होतं का हो, मला काय म्हणायचंय ते?”

माझ्या हातात रिबन होती, दुसऱ्या कुणाची तरी. मी ती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. ते थांबले होते.

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “हरकत नाही.”